शिवाजी विद्यापीठात पहिलं सत्र : खोली, खानावळ, दाखले आणि कमवा-शिका

उसाचा_फड

आमच्या गावच्या वाचनालयात एक फलक लावायचा आहे, त्यासाठी हा धागा. दरवर्षी गावातली सात-आठ पोरं-पोरी पदवी झाली की कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमए, एमकॉम, एमएस्सीला जातात. बहुतेकांच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस. यादीत नाव लागलं की पेढे वाटले जातात, पण खोली कुठं बघायची, कुठला दाखला कधी लागतो, मेसवाल्याशी काय बोलून घ्यायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं.

मूळ प्रश्न असा : ज्याला पैशाची नड आहे त्यानं 'कमवा आणि शिका', म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच काम करून पैसे मिळवायची योजना, पहिल्याच सत्रात घ्यावी, की एक सत्र जम बसू द्यावा? माझं मत, पहिल्या दिवसापासून घ्यावी. घरून येणाऱ्या पैशावर ताण आला की पोरं आधी जेवणात काटकसर करतात, आणि अभ्यास तिथंच ढासळतो. पण दुसरी बाजूही ऐकायची आहे. माहिती नेमकी द्या, फलकावर जशीच्या तशी घेता येईल अशी.

गणिती

कला आणि विज्ञान यांना एकच उत्तर देता येणार नाही. आकडे मांडून बघा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदव्युत्तर वर्गाला सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट), चार सत्रांचे ८८. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर लेखी श्रेयांकाला आठवड्याला एक तास पडतो आणि प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला दोन. समजा एमएच्या मुलीचे सगळे २२ श्रेयांक लेखी आहेत, तर तिला वर्गात आठवड्याला २२ तास. एमएस्सीला समजा १४ लेखी आणि ८ प्रात्यक्षिकाचे, तर १४ आणि १६ मिळून ३० तास. शिवाय जर्नल पूर्ण करायचं ते वेगळंच.

म्हणजे रोज दीड तासाचा फरक, आणि कमवा-शिकाचं काम बसवायचं ते याच दीड तासात. कलाशाखेनं बिनधास्त पहिल्या सत्रापासून घ्यावी. विज्ञानवाल्यांनी आधी प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांचं वेळापत्रक हातात येऊ द्यावं, मग अर्ज करावा.

रंकाळाकाठ

वेळापत्रक येईपर्यंत अर्जाची मुदत टळते, दादा. अर्ज लगेच भरायचा, आणि मुलाखतीला बोलावलं की सकाळचं काम मागायचं.

आक्काताई_इचलकरंजी

कमवा-शिकाच्या आधी कागदांचं बोलूया. पहिल्या महिन्यात पोरं रडकुंडीला येतात ती कागदांपायी.

टीसी मूळ द्यावी लागते आणि परत मिळत नाही. देण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा आणि एक रंगीत स्कॅन मोबाईलमध्ये. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, म्हणजे मायग्रेशन. इथं पंढरपूर, सांगोला, बार्शीकडची मुलं फसतात. घरातले मोठे म्हणतात, 'आपलं सोलापूर शिवाजी विद्यापीठातच की.' पूर्वी होतं. २००४ साली सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं. तिथली पदवी असेल तर मायग्रेशन लागणारच, आणि ते तिथूनच काढून आणावं लागतं. पदवीचा निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका.

नावाचा घोळ आणखी मोठा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. श्रेयांक जमा होतात त्या एबीसी खात्याचा १२ आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथलं नाव आधारवरून येतं. विद्यापीठात नाव दहावीप्रमाणे असतं. दोन्ही जुळलं नाही तर श्रेयांक दिसत नाहीत. आधी आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करा, मग एबीसी काढा. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवावी.

शाईपेन

आक्काताई, यात गॅपचं प्रतिज्ञापत्र घाला. पदवी आणि एमए यांत वर्ष गेलं असेल तर ते मागतात, आणि ऐन वेळी धावपळ होते.

बंदा_रुपया

शिष्यवृत्तीचं मी सांगतो. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरला, मंजूर झाला, तरी पैसे आले नाहीत ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. पुष्कळदा कारण एकच असतं. आधार बँकेला 'जोडलेलं' असणं वेगळं आणि शासनाचे पैसे जमा व्हायला ते एनपीसीआयकडं (बँकाबँकांतले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदलेलं असणं वेगळं. बँकेत गेलं की शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे 'जोडलंय की' म्हणतात. ते केवायसीचं सांगत असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं. तिथं ज्या बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथंच पडणार.

आणि एक खोच. नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते, शेवटी केलेली. मध्येच कुणाच्या सांगण्यावरून मोबाईलवर नवं खातं काढलं आणि आधारला हो म्हटलं, की नोंद तिकडं सरकू शकते. पोरगं जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतं आणि ते भलत्याच खात्यात पडून असतात.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरायचा नाही, नूतनीकरण करायचं. नवा भरला की जुना आणि नवा दोन्ही अडकतात. पोर्टलवर व्हाउचर दिसत असेल तर ते रिडीम केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. आणि अर्ज भरल्यावर विभागातल्या लिपिकाच्या लॉगिनला तो पुढं सरकलाय का, हे दर पंधरा दिवसांनी बघायचं. त्रुटी काढून परत आलेला अर्ज महिनोन्महिने तसाच पडून राहतो, कारण मुलांना वाटतं, आपलं काम झालं.

वारणाकाठची

मुलींना आता सगळं शिक्षण फुकट झालंय ना? मग शुल्काचा प्रश्न येतोच कुठं?

बंदा_रुपया

नाही ताई, हा गैरसमज फलकावर ठळक लिहायला हवा. २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, आणि त्यातही उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आणि प्रवर्गाची अट आहे. माफी मिळते ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला. खोली आणि मेस पदरचीच. साध्या एमए, एमएस्सीला त्या भरवशावर बसू नका. आपल्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती किंवा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आपल्याला लागू होते का, ते बघा.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी स्वाधार आहे, म्हणजे राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी शासनाची योजना. पण आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करायचा. तिथं जागा मिळाली नाही तर स्वाधार. थेट स्वाधारकडं गेलं की मागं फिरावं लागतं.

माळावरचा_वारा

खोलीकडं येतो. विद्यापीठाचं आवार ८५० एकरांच्या वर आहे. मुख्य इमारत, तिच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, आणि विभाग लांब लांब विखुरलेले. त्यामुळं 'विद्यापीठाजवळ खोली' या जाहिरातीला अर्थ नाही. आपल्या विभागापासून चालत किती मिनिटं, हे विचारा. राजारामपुरी, सागरमाळ, सुभाषनगर, राजेंद्रनगर, शाहू नाका, उजळाईवाडी, सगळीकडं खोल्या मिळतात. ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलींनी अंतरापेक्षा रस्त्यावरचे दिवे बघावेत.

खोली बघायला रात्री आठला जा. दिवसा सगळ्या खोल्या चांगल्या दिसतात. रात्री कळतं, पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर चढतं का, खाली दुचाकींचा किती गोंगाट आहे. डिपॉझिट किती महिन्यांचं, परत कधी, आणि सत्र संपल्यावरच्या सुट्टीतलं भाडं लागतं का, हे तिन्ही कागदावर घ्या. सुट्टीच्या भाड्यावरून भांडणं होतात.

गणिती

वीजबिलही विचारा. युनिटला किती दर लावणार? स्वतंत्र मीटर आहे का?

माळावरचा_वारा

बरोबर. आणि शेगडीबद्दल सांगतो. इंडक्शन २००० वॉटचा असतो, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. खोलीतला पंख्याशेजारचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात अडॅप्टर लावून इंडक्शन चालवला की आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिकचा वास येतो, मग आतली तार जळते. मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट असेल तरच चालवा.

आंघोळीच्या पाण्याचा रॉड १५०० वॉटचा, तोही साडेसहा अँपिअर. त्यालाही मोठाच सॉकेट हवा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला त्याला सतरा-अठरा मिनिटं लागतात, साधारण अर्धा युनिट. बादली प्लास्टिकची, रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडालेला, आणि पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग बाहेर. वसतिगृहात दोन्हींना बंदी असते. तपासणीत जप्त होतात, म्हणून विकतच घेऊ नका.

भाकरतुकडा

मेसचं कुणी बोललंच नाही अजून! महिन्याचा दर सगळे विचारतात, खाडा कुणी विचारत नाही. खाडा म्हणजे न जेवलेल्या दिवसाची वजावट. चार गोष्टी आधी ठरवून घ्या. खाडा धरायला सलग किती दिवस गैरहजर राहायचं, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं, महिन्याला जास्तीत जास्त किती खाडे, आणि खाड्याचे पैसे परत मिळतात की पुढच्या महिन्यात वळते होतात. आठवड्याला घरी जाणाऱ्यांचे शनिवार-रविवार मिळून महिन्यात आठ दिवस होतात. सलग तीन दिवसांचा नियम असेल तर त्यातला एकही धरला जात नाही. अशांनी महिन्याच्या मेसपेक्षा कूपनाची घ्यावी.

आठ दिवस रोजचे पैसे देऊन जेवा, मगच महिना भरा. सोमवारची आमटी सगळीकडंच चांगली असते. गुरुवारी आणि शुक्रवारी भाजी काय, ते बघा. भाकरी रोज मिळते की मागितली तर, हेही विचारा. ज्वारीवर वाढलेल्या पोरांना तिन्ही त्रिकाळ चपाती सोसत नाही, हे हसण्यावारी नेऊ नका.

पेठेतला_पैलवान

आणि गंगावेशीत धारोष्ण दूध! म्हशी समोर, ग्लास हातात. आठवड्यातनं एकदा पोरांनी जावंच. नाद खुळा!

भाकरतुकडा

भावा, विद्यापीठापासून गंगावेस म्हणजे शहराचं दुसरं टोक. पण खरंय, रविवारी अंबाबाईचं दर्शन आणि परतीला दूध, झकास बेत.

इतिहासप्रेमी_सातारकर

थोडं अवांतर, पण कमवा-शिकाच्या मुळाशी जाणारं. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातलं पोरगं शहरात शिकायचं तर शाळेच्या आधी छप्पर आणि भाकरी हवी, हे त्यांनी ओळखलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि त्या विचाराला श्रमाची जोड दिली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हा पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे याच परंपरेत घडलेले. म्हणून इथल्या कमवा-शिकाकडं गरिबांची सोय म्हणून बघू नये. या विद्यापीठाच्या पायात ती आहे.

दसरा चौकाच्या आसपास यांतली काही बोर्डिंगं आजही चालू आहेत. प्रवेशाचे नियम ज्याचे त्याचे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही तर तिथं जाऊन विचारावं.

रंकाळाकाठ

सातारकर, सुरेख. आता काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पोरांना अंदाज येईल. ग्रंथालय, विभागाचं कार्यालय, संगणक कक्ष, बाग. मस्टरवर रोज वेळ लिहून संबंधितांची सही घ्यायची. आठवड्याच्या सह्या एकदम घेऊ म्हटलं की सही करणारे रजेवर जातात, आणि महिन्याचा हिशोब अडतो. मस्टरच्या पानाचा रोज फोटो काढा.

ग्रंथालयाचं काम मिळालं तर सोडू नका. पण पुस्तकं मांडणीत लावताना नवी मुलं एक चूक हमखास करतात. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, टिंबानंतरचे आकडे दशांश म्हणून वाचायचे. ५३०.१२ हे ५३०.४ च्या आधी येतं. मुलं 'बारा' आणि 'चार' असं वाचतात आणि बारा मोठे म्हणून मागं ठेवतात. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. ८९१.४६०९ त्याच्या नंतर आणि ८९१.४६१ त्याच्याही नंतर. पुस्तक एक फळी जरी चुकलं तरी ते हरवल्यातच जमा. संगणक 'उपलब्ध' म्हणतो आणि वाचक रिकाम्या हातानं परत जातो. महिनाभर हे काम केलेल्या मुलाला आपल्या विषयाची कपाटं तोंडपाठ होतात. ते वर्गात बसून होत नाही.

वारणाकाठची

हे पटलं. कमवा-शिकाला माझा विरोध होता तो एवढ्यासाठीच, की पोरांना नुसतं राबवून घेतात असं वाटायचं.

मिरज_पॅसेंजर

रोज ये-जा करणाऱ्यांना विसरू नका. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे इथून रेल्वेनं येणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी खोली नाही, मेस नाही, पण परतीच्या गाडीची वेळ हाच सगळा प्रश्न. प्रवेश घेतानाच विभागात प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं ते विचारा आणि सकाळची तुकडी मागा. कारण लेखी अर्जात द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

एसटीचा मासिक विद्यार्थी पास ६६.६६ टक्के सवलतीचा. मुलींना मार्च २०२३ पासून साधं तिकीटही निम्मं आहे. रोज ये-जा असेल तर पास. फक्त शनिवार-रविवार घरी जायचं असेल तर अर्धं तिकीटच स्वस्त पडतं, पास काढू नका.

पूररेषा

जुलै-ऑगस्टचं एक लिहा. सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. विद्यापीठ माळावर आहे, पण पंचगंगा फुगली की रस्ते बंद पडतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. पातळी इशाऱ्याकडं सरकायला लागली की गावी जायला निघू नका, आणि गावी असाल तर परीक्षा पुढं गेल्याची सूचना संकेतस्थळावर बघितल्याशिवाय निघू नका. व्हॉट्सअपवरचं पत्र जुन्या वर्षीचंही असतं, वरची तारीख वाचा. आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात, उंचावर.

शाईपेन

निकालाचंही घ्या. गुण कमी वाटले तर थेट पुनर्मूल्यांकनाला पैसे घालू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. ती आली की तीन गोष्टी तपासा : एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर उतरलेत का, बेरीज जुळते का. त्यानंतरच पुढचा अर्ज. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचा.

मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांनी प्रकल्प पहिल्यापासून युनिकोडमध्ये टंकावा. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात टंकलेला मजकूर वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. शेवटच्या आठवड्यात सगळं बदलायला गेलं की रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या पानोपानी तुटतात. पुढं पीएचडीला साम्य १० टक्क्यांच्या आत लागतं, सवय आत्ताच लावलेली बरी.

गणिती

सेटचं, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचं, दोन ओळींत : महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ घेतं. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, १०० गुण. दुसऱ्याला १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. पहिला पेपर सगळ्या विषयांना एकच, म्हणून वेगवेगळ्या विभागांच्या मुलांनी मिळून त्याचा अभ्यास करता येतो. दुसऱ्या सत्रापासून आठवड्याला दोन संध्याकाळी पुरतात.

उसाचा_फड

सगळ्यांचे मनापासून आभार. एका पानाचा फलक आता तीन पानांचा होणार असं दिसतंय. मूळ प्रश्नावर मात्र गणिती आणि रंकाळाकाठ यांच्यात अजून मेळ दिसत नाही. विज्ञानाच्या मुलानं काय करायचं?

रंकाळाकाठ

अर्ज पहिल्याच सत्रात, पण काम सकाळचं. ग्रंथालय किंवा बाग. विभागाच्या कार्यालयातलं काम त्यानं घेऊ नये, कारण त्याची वेळ आणि प्रात्यक्षिकाची वेळ एकच.

गणिती

मान्य. फक्त एक जोडतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस तास कमी करून मिळतील का, हे मुलाखतीतच विचारावं. बुडालेले तास आधी जास्त काम करून भरून देतो म्हणावं. ऐन परीक्षेत विचारलं तर नाही म्हणणं त्यांना भाग पडतं.

आक्काताई_इचलकरंजी

फलक लावायचा तर जूनमध्ये लावू नका, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, नव्या वर्षाचा एप्रिलपासून निघतो. जूनमध्ये तहसीलला आणि सेतूत दहावी-बारावीवाल्यांची रांग लागलेली असते. एप्रिलमध्ये गेलं की वेळेत हातात पडतो. म्हणून सगळ्यात वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरात तेवढंच लिहा : उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास. खाली तलाठ्याकडं काय न्यायचं ते : सातबारा, रेशनकार्ड, आधार. खोली आणि मेस दुसऱ्या पानावर चालेल.